नकाशावरची वळणारी रेघ म्हणजे स्ट्राइक नव्हे

भूविज्ञानाच्या एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात प्रॅक्टिकलच्या परीक्षेत समोर एक नकाशा आला. डोंगराळ भाग, दाट कंटूर (सारख्या उंचीच्या रेघा) आणि त्यांच्यामधून नागमोडी फिरत गेलेली वाळूखडकाच्या थराची सीमा. रेघ एका सोंडेला वळसा घालून पलीकडे जात होती, मग दरीत आत शिरून परत बाहेर येत होती. मी ठामपणे लिहिलं की थरांना घड्या पडल्या आहेत, एक अँटिक्लाइन (वर उचललेली घडी) आणि शेजारी एक सिंक्लाइन (खाली दबलेली घडी). सेक्शनही, म्हणजे जमिनीचा उभा छेद, सुबक काढला आणि रंग भरले. तो थर मुळात आडवा होता. आख्ख्या नकाशात एकही घडी नव्हती.

तेव्हा माझी बी.एस्सी. झालेली होती. डिप म्हणजे थराचा उतार आणि स्ट्राइक म्हणजे त्याला काटकोनातली आडवी दिशा, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. तरी चुकले. तुम्हालाही व्याख्या येत असणार, म्हणून त्या इथे पुन्हा देत नाही. व्याख्या येत असूनही नकाशा का चुकतो, तेवढंच सांगते.

आपल्याकडच्या मुलांची एक खरी अडचण आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग दख्खनच्या बसाल्टचा आहे आणि हे लाव्हाचे थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे आहेत. ‘ट्रॅप’ हा शब्दच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. सह्याद्रीत कुठेही उभं राहा, कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा असंच दिसतं. कललेले थर डोळ्यांनी न पाहताच आपण पदवी घेतो, त्यामुळे डिप हा कागदावरचा कोन होऊन बसतो. (पनवेल फ्लेक्शरच्या, म्हणजे थर वाकलेल्या, पट्ट्यात ते पश्चिमेला चांगलेच कललेले आहेत. माझं गाव रायगड जिल्ह्यातलं, पण हे मला एम.एस्सी.ला आल्यावर कळलं.)

आता ती चूक नीट उलगडते, कारण माझं जवळजवळ एक वर्ष तिच्यात गेलं.

नकाशावर दिसणारी थराची सीमा ही दोन पृष्ठभागांच्या छेदाची रेघ असते. एक पृष्ठभाग थराचा, दुसरा जमिनीचा. जमीन वरखाली असेल तर थर काचेसारखा सपाट असूनही रेघ वाकडीच येणार. भाताच्या खाचरांचे बांध आठवा. बांध डोंगराला वळसा घालत जातो, घळीत आत शिरतो, सोंडेवर बाहेर येतो, आणि तरी खाचरातलं पाणी एका पातळीत असतं. बांध वळला म्हणून कुणी पाण्याला घडी पडली असं म्हणत नाही. आडव्या थराची सीमा ही अशा बांधासारखी असते. ती कंटूरला समांतर धावते, त्याला ओलांडत नाही. माझ्या परीक्षेतली रेघ कंटूर कुठेच ओलांडत नव्हती. मी ते पाहिलंच नाही, कारण माझी नजर रंगांवर होती.

याचं दुसरं टोक म्हणजे उभा थर. तो डोंगर-दरी काही न जुमानता सरळ रेघेत जातो. रेघेची दिशा हीच स्ट्राइक, असं निर्धास्तपणे म्हणता येतं ते फक्त इथे किंवा जमीन अगदी सपाट असेल तिथे. बाकी सगळीकडे रेघेवर कोनमापक ठेवून स्ट्राइक मोजलीत तर उत्तर चुकणार. मी अशी मोजली आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

मग मोजायची कशी? सीमा ६०० मीटरच्या कंटूरला जिथे छेदते असे दोन बिंदू शोधा. दरी असेल तर बहुधा एक या काठाला आणि एक त्या काठाला सापडतो. दोन्ही बिंदू एकाच थरावर आहेत आणि एकाच उंचीवर आहेत. म्हणजे त्यांना जोडणारी सरळ रेघ ही त्या थरावरची आडवी रेघ झाली. तीच स्ट्राइक. ही रेघ दरीवरून हवेतून जाते आणि जमिनीवर दिसत नाही, म्हणून मनाला पटत नाही. पटवून घ्या. आता हेच ५०० मीटरच्या कंटूरवर करा. दुसरी रेघ पहिलीला समांतर यायला हवी. आली तर थर सरळ कललेला आहे. नाही आली, तर मगच घडी किंवा फॉल्टचा (थर तुटून सरकल्याचा) विचार करायचा.

डिप काढायला या दोन रेघांमधलं अंतर काटकोनात मोजा. समजा ते २ सेंटिमीटर भरलं आणि नकाशाचं प्रमाण १:१०,००० आहे, तर जमिनीवर २०० मीटर झाले. उंचीतला फरक १०० मीटर. १०० भागिले २०० म्हणजे ०.५, आणि ज्याचा टॅन ०.५ तो कोन साधारण २६.५ अंश. पट्टी तिरकी धरून ३ सेंटिमीटर मोजलंत तर उत्तर १८ अंश येईल, म्हणजे आठ अंशांची चूक नुसत्या पट्टीपायी. डिपची दिशा ६०० च्या रेघेकडून ५०० च्या रेघेकडे. जमीन कुठे उतरते याच्याशी तिचा संबंध नाही. डोंगर पूर्वेला उतरत असेल आणि त्याच्या पोटातला थर पश्चिमेला. हे वाक्य मी माझ्या जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, तुम्हीही लिहा.

दरी ओलांडताना थराची सीमा इंग्रजी ‘व्ही’सारखी वळते. त्या ‘व्ही’चं टोक प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, यावरून डिपची दिशा ओळखतात. आता या ‘व्ही’च्या नियमाबद्दल स्पष्ट बोलते. एका सीनियरने मला त्याचा तक्ता पाठ करायला दिला होता: व्ही वरच्या अंगाला तर डिप वरच्या अंगाला, व्ही खालच्या अंगाला तर डिप खालच्या अंगाला. अशा तक्त्यांवर माझा राग आहे. थर प्रवाहाच्या दिशेनेच कललेला असेल, पण दरीच्या तळाच्या उतारापेक्षा कमी कलला असेल, तर व्ही वरच्या अंगालाच तोंड करतो. पाठ केलेला तक्ता नेमका तिथे दगा देतो, आणि परीक्षक नेमका तोच नकाशा देतात. दोन कंटूरवर दोन रेघा काढल्या की व्ही आपोआप समजतो. याला तीन मिनिटं लागतात. नेट, गेट किंवा भूवैज्ञानिकांच्या परीक्षेतही तेवढा वेळ मिळतो, घाबरू नका.

माझं डोकं खरं उघडलं ते एका सरांमुळे. त्यांनी नकाशा मिटवून ठेवायला लावला आणि विचारलं, “तुमच्या गावच्या घराचं छप्पर कौलारू आहे ना? पागोळ्या कुठे पडतात?” छपराची एक बाजू म्हणजे कललेला थर. आढ्याची दिशा ती स्ट्राइक. कौलावर पडलेला पावसाचा थेंब ज्या वाटेने उतरतो तो डिप, आणि पागोळ्यांची रांग पुन्हा आढ्याला समांतर, म्हणजे पुन्हा स्ट्राइक, फक्त खालच्या उंचीवर. आता छपरावर तिरकं चढून पाहा, चढ कमी लागतो. तो अपेरंट डिप. थर तोच, उतारही तोच, पण तुमची वाट तिरकी. खरा डिप ४० अंश असेल आणि सेक्शनची रेघ स्ट्राइकशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर सेक्शनमध्ये तो जेमतेम २३ अंश दिसतो. जो शिक्षक आधी नकाशा मिटवायला सांगतो त्याला धरून ठेवा. जो आधी सूत्र देतो त्याच्याकडून सूत्र घ्या आणि छपराकडे परत या.

सेक्शनचं आणखी एकच सांगते. उभं प्रमाण आडव्याच्या दुप्पट घेतलंत तर ३० अंशांचा थर कागदावर ४९ अंशांचा होतो. चित्र देखणं दिसतं, पण कोन खोटा. शक्यतो दोन्ही प्रमाणं सारखी ठेवा.

फील्डवर माझी वेगळीच फजिती झाली, आणि तिचं दुःख अजून जात नाही. आम्ही उत्तर कर्नाटकात कलादगी आणि बदामीच्या भागात गेलो होतो. बागलकोट गटाचे जुने थर घड्या पडलेले आणि कललेले, तर त्यांच्यावरचा बदामीचा तांबडा वाळूखडक जवळपास आडवा. आयुष्यात पहिल्यांदा कललेला थर हाताने चाचपला. दिवसभर उन्हात रीडिंग घेतली आणि रात्री लॉजवर वही उघडली, तर अकरा नोंदी अशा: स्ट्राइक ईशान्य–नैऋत्य, डिप ३० अंश. डिप कुठे, आग्नेयेला की वायव्येला? लिहिलंच नव्हतं. एकाच नोंदीचे दोन थर होऊ शकतात, एकमेकांच्या अगदी उलट कललेले. अकराच्या अकरा नोंदी वाया. गाडी परत तिकडे जाणार नव्हती.

तेव्हापासून मी स्ट्राइक लिहायच्या भानगडीत पडत नाही. डिपची दिशा आणि डिप एवढंच लिहिते: १३५/३०. उत्तरेपासून १३५ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, ३० अंश, शंकेला जागाच नाही. तुमच्या विभागात उजव्या हाताचा नियम चालत असेल, म्हणजे स्ट्राइककडे तोंड केल्यावर डिप उजवीकडे, तर तोच थर ०४५/३० होईल. कोणतीही एक पद्धत घ्या, पण कोणती घेतली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

त्याच दिवशी बदामीला मी क्रॉस-बेडिंगचेही कोन थराचे समजून मोजले. थर आडवाच होता. वाळू वाहत येऊन साचताना आत तिरक्या रेघा उमटलेल्या, त्या मी मोजत बसले. बसाल्टमध्ये हीच चूक जॉइंटबाबत, म्हणजे खडकातल्या भेगांबाबत, होते. क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं यंत्र) टेकवण्याआधी दहा पावलं मागे या आणि सगळा कडा एकदम पाहा. जी पातळी लांबवर सलग जाते, ती थराची.

ब्रंटनवर, म्हणजे फील्डवरच्या आमच्या होकायंत्रावर, पूर्व-पश्चिम उलट छापलेले असतात. ते यंत्र बिघडलेलं नसतं. सुई जागेवर राहते आणि डबी फिरते, म्हणून तसं छापतात, तेव्हा सुई दाखवेल तेच वाचा. मोबाइलवरच्या कंपासवर एकट्यावर विसंबू नका. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, हातोडाही शेजारीच असतो, आणि फोन दोन्हींना फसतो. माझ्या वहीत आजही दर पाचव्या नोंदीला ब्रंटनचा ताळा असतो.

आज मी बोअरहोलच्या कामावर आहे. डिपची दिशा उलटी लिहिली तर बोअर रिकाम्या दगडात जातं आणि ते पैसे परत येत नाहीत. पण ही सवय नोकरीत लागली नाही, ती त्या लॉजवरच्या रात्री लागली. सराव कुठून सुरू करायचा हे मला बरेच जण विचारतात. आपल्या तालुक्याची १:५०,००० ची टोपोशीट (कंटूर दाखवणारा नकाशा) घ्या. घरामागच्या डोंगरावर ७०० मीटरला आडवा थर आहे असं समजा आणि त्याची सीमा पेन्सिलने काढा. मग तोच थर पूर्वेला १० अंश कलता करा आणि पुन्हा काढा. दुसरी रेघ पहिल्या दिवशी जमणार नाही. मला चौथ्या दिवशी जमली.