गेमिंग पीसी जुळवताना: आधी मॉनिटर, मग ग्राफिक्स कार्ड, मग बाकीचं

पीसी जुळवायला बसलेले बहुतेकजण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. ‘आय७’ घेतला की निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटतं आणि उरलेल्या पैशांत जेमतेम चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड बसतं. नाकापेक्षा मोती जड! गेमिंगसाठी सुरुवात मॉनिटरपासून करायची.

कारण कार्डाला किती पिक्सेल रंगवायचे आहेत, ते मॉनिटर ठरवतो. पडद्यावरच्या ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, संख्या हे रिझोल्यूशन. १०८०पीला सुमारे २०.७ लाख पिक्सेल, तर १४४०पीला ३६.९ लाख, म्हणजे पावणेदोन पटीहून किंचित जास्त. हा वाढीव भार कार्डावर पडतो. प्रोसेसरला रिझोल्यूशनने फारसा फरक पडत नाही. त्याचा घाम काढतो तो फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांची (फ्रेमची) संख्या. ६० हर्ट्झला, म्हणजे मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असेल तर, एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झला फक्त ६.९. त्यामुळे वेगवान शूटर १४४ हर्ट्झवर खेळायचे असतील तर प्रोसेसरवर थोडा हात सैल सोडा. देखणे, कथानकाचे गेम ६० फ्रेमवर निवांत खेळायचे असतील तर तेच पैसे कार्डात घाला.

मॉनिटर, कीबोर्ड, माउस वगळून उरलेले पैसे १०० धरले, तर साधारण ४० कार्डाला, १८ प्रोसेसरला, १२ मदरबोर्डला, १८ रॅम आणि एसएसडीला मिळून, ७ पॉवर सप्लायला आणि ५ केसला (बाहेरच्या पेटीला). रॅमचे भाव अधूनमधून भडकतात, तेव्हा दोन-चार टक्के इकडेतिकडे होणारच. ते मदरबोर्ड किंवा केसमधून काढा; पॉवर सप्लायला हात लावू नका.

१०८०पीसाठी रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय५ १२४००एफ, आणि सोबत आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६० यांपैकी एक कार्ड, ही जोडी नीट जमते. नावं सारखी दिसली म्हणून गफलत करू नका. रायझन ५ ५५०० हा ५६०० चा किंचित स्वस्त भाऊ वाटतो, पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि प्रोसेसरमधली डेटाची वाट) तिसऱ्या पिढीची. त्यावर आरएक्स ६५०० एक्सटी बसवलं तर दुहेरी मार बसतो. या कार्डाला त्या वाटेच्या मुळात चारच लेन. तिसऱ्या पिढीवर त्यांचा वेग चौथ्या पिढीच्या निम्मा होतो. कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) याच अरुंद वाटेने ये-जा करतात आणि गेम झटके देऊ लागतो. म्हणून नवं कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली उतरू नये. आणखी एक: ५६०० आणि १२४००एफमध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड नंतर घेऊ म्हटलं तर तोपर्यंत स्क्रीन काळीच राहील.

मदरबोर्डवर उधळपट्टी करण्यात अर्थ नाही. ६५ वॉटच्या प्रोसेसरला साधा बी५५० (५६०० साठी) किंवा बी६६० (१२४००एफसाठी) पुरतो. एएम४चा (५६०० ज्या खाचेत बसतो तिचा) जुना बी४५० घेत असाल तर त्याचा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ५६०० सारखे ५००० मालिकेचे प्रोसेसर ओळखण्याइतका नवा आहे का, ते आधी विचारा. नसेल आणि बोर्डावर प्रोसेसरशिवाय बायोस बदलणारं फ्लॅशबॅकचं बटण नसेल, तर अपडेट करायला जुना प्रोसेसर शोधत फिरावं लागतं. २०२२ साली आलेल्या एएम५ या पुढच्या खाचेवर फक्त डीडीआर५ रॅम चालते. पुढे प्रोसेसर बदलायची सोय तिथे जास्त आहे. पण त्यापायी कार्ड एक पायरी खाली येणार असेल, तर एएम४च बरा.

रॅम १६ जीबीची एक काडी नको, ८-८ च्या दोन घ्या. एका काडीवर मेमरीची रुंदी निम्मी राहते आणि प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या गेममध्ये ते लगेच जाणवतं. चार खाचा असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरायची. जोडणी झाली की बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा. नाहीतर ३२०० च्या नावाने घेतलेली रॅम अनेकदा २१३३ किंवा २४०० वर रांगत बसते.

पॉवर सप्लायचं गणित सोपं आहे. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॉट खातो, आरएक्स ७६०० चा आकडा १६५, बाकी सगळं मिळून ५०-६०. झाले ३०० वॉट. कार्ड क्षणभर उसळी मारतं, म्हणून ५५० चा घ्या. मात्र खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर विसंबू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. उत्तर ५०० च्या पुढे यायला हवं. ३५०-४०० वर अडकलं तर तो ५५० नुसता कागदावरचा. ‘८० प्लस’ ही कार्यक्षमतेची खूण आहे, संरक्षणाची हमी नव्हे. मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) सप्लाय असेल तर दुसऱ्या सप्लायच्या वायरी त्याला कधीच जोडू नका. खाचा सारख्या दिसतात, पण आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि मग एसएसडीसकट सगळं जळतं.

एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई (जलद प्रकारची). केस जाळीच्या पुढच्या भागाची, दोन पंख्यांची, आणि कार्डाची लांबी मावेल अशी. रंगीत दिव्यांची खोगीरभरती नंतर.

पहिल्यांदा चालू करताना मॉनिटरची वायर कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडा. ते बऱ्याचदा ६० वरच पडून असतं.

तोल साधला की नाही, हे गेममध्येच कळतं. फ्रेमची मर्यादा आणि व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) बंद करून कार्डाचा वापर बघा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय. ६०-७० वर घुटमळत असेल तर रिझोल्यूशन उतरवून पाहा: फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडलंय ते प्रोसेसर किंवा रॅमपाशी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अशा वेळी मोठं कार्ड घेण्याआधी एक्सएमपी चालू आहे का आणि दुसरी काडी योग्य खाचेत आहे का, ते तपासा.