आपल्या खासदाराचं वर्षभराचं काम कसं बघायचं

एक वही करा, आणि खासदार किती लग्नांना आला, कुठल्या वाडीतल्या गणपतीला येऊन गेला हे त्यात लिहू नका. मंत्री नसलेल्या, मागच्या बाकावरच्या खासदाराचं खरं हत्यार म्हणजे प्रश्न, मोजायचे तेच.

अधिवेशनं साधारण तीन, बजेटचं, पावसाळी आणि हिवाळी. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ते १२. दिवसाला २० तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, लागतात पण प्रत्यक्षात मोजकेच होतात, त्यामुळे टीव्हीवर आपला माणूस दिसला नाही म्हणून लगेच नावं ठेवू नका. अतारांकित मात्र २३० पर्यंत असतात, त्यांना लेखी उत्तर मिळतं, आणि मला विचाराल तर आपल्या कामाचा कागद तोच, कारण मंत्रालयाने सभागृहात दिलेलं उत्तर नंतर कुठल्याही अर्जाला जोडता येतं. मंत्री "करू" म्हणाला तर ते आश्वासन धरलं जातं, साधारण तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्याचा पाठपुरावा करायला संसदेची वेगळी समिती आहे. लोकसभेच्या साइटवर खासदाराच्या नावाने सगळे प्रश्न सापडतात, तारीख आणि विषय वहीत उतरवा.

पण नुसतं मोजून भागत नाही हो, प्रश्न आपणच पुरवायचे. खासदाराकडून प्रश्नाची नोटीस निदान १५ दिवस आधी जावी लागते आणि पावसाळी अधिवेशन बहुतेक जुलैत बसतं, म्हणजे १ जूनला मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढल्या की लगेच खासदाराला पत्र लिहायला बसा. विषय केंद्राचाच हवा, मुंबई-गोवा हायवे ६६, कोकण रेल्वे, किंवा १२ सागरी मैलांपलीकडची एलईडी मासेमारी (प्रखर दिवे लावून मासे ओढून घेणारी), जी केंद्राने २०१७ मध्ये बंद केली. १२ मैलांच्या आतलं आणि एसटीचं आमदाराकडे न्या. आणि "हायवे कधी होणार" असं विचारू नका, अमुक टप्प्यात किती किलोमीटर बाकी, ठेकेदाराला किती दंड लावला असं विचारा, म्हणजे उत्तरात आकडा द्यावाच लागतो.

खासदाराने खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडलं आणि पास झालं नाही तरी ते वाया गेलं असं धरू नका, १९७० नंतर एकही झालेलं नाही. आपल्या राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ मध्ये संसदेला घटनादुरुस्तीचा पूर्ण अधिकार असावा म्हणून विधेयक आणलं, ते झालं नाही पण तीच भूमिका १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीत आली. विरोधी बाकावरचा माणूस काय करू शकतो ते बघा!

खासदार निधी वर्षाला ५ कोटी, खासदार फक्त कामं सुचवतो, यादी कलेक्टर ऑफिसात मिळते. हजेरीचं जास्त मनावर घेऊ नका, हजेरी लावली एवढंच त्यातून कळतं.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन संपलं की वहीतलं एका पानावर काढा, खासदाराच्या ऑफिसात चार-पाच जण मिळून स्वतः नेऊन द्या आणि बजेट अधिवेशनासाठीचे दोन प्रश्न त्यालाच जोडा.