दिवसाउजेडी गव्हात उतरा

संक्रांत झाली. कापसाची शेवटची वेचणी, तुरीची काढणी, हरभऱ्यावरची घाटेअळी, यात घरातलं प्रत्येक माणूस गुंतलेलं आहे. गव्हाकडे जाणं होतं ते फक्त ओलितासाठी, आणि तेही रात्री, कारण विजेची लाईन रात्रीची. अकराला मोटर सुरू करायची, बॅटरीच्या उजेडात पाणी कुठवर पोचलं ते पाहायचं, पहाटे घरी यायचं. दिवसा धुऱ्यावरून जाता जाता नजर टाकली तर गहू हिरवागार. तांबेऱ्यानं, म्हणजे गेरवा या बुरशीरोगानं, गेलेले जेवढे गहू मी पाहिले त्यातल्या बहुतेकांची कथा एवढीच. रोग दोन-तीन आठवडे आधीच खालच्या पानांवर बसलेला होता, उजेडात आत कोणी उतरलं नव्हतं.

माझा दीड एकर असाच गेला. लोक-१ वाण होता, कापूस उपटून डिसेंबरात पेरलेला. फेब्रुवारीच्या शेवटी आत शिरलो तेव्हा पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत गेरूनं रंगवल्यासारखा झाला. दाणा निघाला तो जिऱ्यासारखा. व्यापाऱ्यानं मूठभर हातात घेतला आणि परत पोत्यात टाकला, भाव सांगितलाच नाही.

म्हणून आतापासून दाणा भरेपर्यंत दर चौथ्या दिवशी, दव उतरल्यावर, गव्हात उतरा. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपं चालत जा, पाच-सहा जागी थांबा, झाडं दोन हातांनी बाजूला करा आणि खालची पानं पाहा. नाल्याकाठचा पट्टा, तुरीच्या किंवा झाडांच्या सावलीत दव उशिरापर्यंत राहणारी जागा, दाट पेरलेला तुकडा आधी बघा. माझ्या अनुभवात पहिला ठिपका तिथंच सापडतो. लागण झाल्यापासून फोड दिसायला आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे सलग दोन-तीन सकाळी धुवारी, म्हणजे धुकं, पडली की मी कॅलेंडरवर पुढच्या आठव्या दिवशी खूण करतो. हा माझा आडाखा, पुस्तकातला नाही.

ओळख बोटानं करा. पानावर नारिंगी-तपकिरी, गोल, विखुरलेले फोड असतील आणि बोट घासल्यावर विटकरी पावडर लागत असेल, तर तो पानावरचा तपकिरी तांबेरा. थंडी आणि दव त्याला मानवतं. खोडावर व पानाच्या देठाकडच्या आवरणावर लांबट, फाटलेल्या कडांचे विटकरी फोड असतील, पुढे काळे पडत असतील, तर तो काळा तांबेरा. हा उबेत वाढतो, २० ते ३० अंशांत, म्हणजे नेमका फेब्रुवारीतल्या ढगाळ, दमट दिवसांत. उशिरा पेरलेल्या गव्हाचा हाच वैरी. पिवळ्या पट्ट्यांचा तांबेरा पंजाब-हरियाणाच्या थंडीतला, त्याचे फोटो मोबाईलवर पाहून घाबरू नका.

पावडर लागली नाही तर? लांबट तपकिरी डाग आणि भोवती पिवळी कडा असेल तर करपा, हा वेगळा बुरशीरोग. खालचं पान टोकाकडून सारखं पिवळं होत असेल तर नत्राची कमी, किंवा काळ्या मातीत पाणी जास्त झालंय. आणि नेमकं हेच पिवळं पान घेऊन कृषी केंद्रात गेलं की टॉनिक, कीटकनाशक, बुरशीनाशक, स्टिकर अशी चार बाटल्यांची पिशवी हातात पडते. उधारीवर, म्हणून जड वाटत नाही. बोटाला रंग लागला नसेल तर एकही बाटली घेऊ नका. शंका असेल तर झाड मुळासकट उपटून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

तांबेऱ्याचे बीजाणू आपल्या मे महिन्याच्या उन्हात टिकत नाहीत. वनस्पतिरोगांचे अभ्यासक प्रा. के. सी. मेहता यांनी अनेक वर्षं काम करून दाखवलं की भारतात हा रोग डोंगराळ, थंड भागांत तग धरतो आणि दरवर्षी वाऱ्यानं खाली येतो. आपल्याकडे तो दक्षिणेकडून, निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून येतो. म्हणून धसकटं जाळून तांबेरा जात नाही, मातीच भाजते. १९४६-४७ मध्ये मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली, वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतातच होता. वाऱ्यावर येणाऱ्याला धुरा अडवत नाही, पण सुरुवात मात्र तो चार-दोन ठिपक्यांतूनच करतो.

पहिले फोड दिसताच, वाट न पाहता:

– प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी, लिटरला १ मिली. एकरी २०० मिली औषध, २०० लिटर पाणी. १५ लिटरच्या पंपानं तेरा पंप होतात. सहा पंपांत भागवलं तर खालचं पान कोरडं राहतं, आणि रोग तिथंच आहे.
– गरज पडल्यास १५ दिवसांनी दुसरी फवारणी.
– करप्यासाठी मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला २.५ ग्रॅम.
– चीक सरून दाणा टणक झाल्यावर फवारू नका, पैसा वाया जातो आणि औषध दाण्यात राहतं.
– टॉनिक मिसळू नका. हिरवेपणासाठी आता युरियाही नको, लुसलुशीत पानावर तांबेरा आधी धावतो.

तोंडाला फडकं, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, ते अजून कोणी विसरलेलं नाही.

ओलिताच्या पाळ्या नेहमीच्याच, पेरणीपासून: १८-२१, ४०-४५, ६०-६५, ८०-८५ दिवस, शेवटची दाणा भरताना. तुषार संच असेल तर पान रात्रभर ओलं राहतं, म्हणून दिवसाची लाईन मिळेल त्या आठवड्यात दिवसाच चालवा. सौर पंपवाल्यांना तर रात्री चालवायचं कारणच नाही.

जव आपल्याकडे कोणी क्वचितच पेरतो. गव्हाचा काळा तांबेरा त्यावरही येतो, तेव्हा तोही याच फेरीत पाहा.

फेरीत आणखी एक सापडेल: लोंबी बाहेर पडताना दाण्यांच्या जागी काळी भुकटी. ही काणी. ती गेल्या वर्षी फुलोऱ्यातच बियाण्यात शिरली होती, त्यामुळे आज कोणी तुम्हाला तिच्यासाठी फवारा विकत असेल तर तो फसवतोय. वारा सुटायच्या आत सकाळीच लोंबीवर पिशवी घाला, झाड उपटा, जाळा. त्या वावराचं बी ठेवू नका.

घरचंच बी ठेवणार असाल तर मे महिन्यात ते सकाळी चार तास पाण्यात भिजवा आणि दुपारी पातळ पसरून कडक वाळवा. भिजल्यानं दाण्यातली बुरशी जागी होते आणि उन्हानं मरते. विदर्भाचं ऊन यासाठी फुकट आहे. ते चुकलं तर पेरणीला कार्बोक्सिन ७५ टक्के, किलोला २.५ ग्रॅम. उशिरा पेरायची वेळ आलीच तर लोक-१ ऐवजी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा एकेएडब्ल्यू-४६२७ वाण मागा. दुकानदार दुसरंच पोतं पुढे करेल, तेव्हा पिशवीवरचं नाव वाचूनच पैसे द्या.