नवीन हार्डवेअर लाँच झालं की होणाऱ्या या चुका टाळा

लाँचचा कार्यक्रम संपून तास होत नाही तोवर "जुनं सगळं भंगारात" अशी मतं सुरू होतात, आणि महिन्याभराने तीच मंडळी "नवीन घेतलं पण फरकच पडला नाही" म्हणून रडत असतात. कंपनीने नक्की काय मोजलं आणि आपल्या घरी ते कसं सेट केलंय, हे दोन्ही वेळा कुणी बघितलेलंच नसतं.

सगळ्यात मोठी चूक, स्टेजवरचं वाक्य जसंच्या तसं गिळणं. जानेवारी २०२५ ला सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाचे सीईओ जेन्सन हुआंगनी सांगितलं की नवं कार्ड आरटीएक्स ५०७० म्हणजे आधीच्या पिढीतल्या सगळ्यात तगड्या ४०९० चा परफॉर्मन्स, तोही ५४९ डॉलरमध्ये. झालं, तेवढंच वाक्य सगळीकडे फिरलं. मेख होती मल्टी फ्रेम जनरेशनमध्ये, कार्ड फ्रेम (स्क्रीनवरचं एक चित्र) स्वतः रेंडर करतं आणि अशा दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये तीनपर्यंत फ्रेम एआय बनवून घुसवतो, काउंटरवर आकडा फुगतो पण माऊस हलवल्यावर गेम किती पटकन ऐकतो ते खऱ्या फ्रेमवरच ठरतं, म्हणजे मुळात ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम) असतील तर स्क्रीनवर १२० दिसले तरी हाताला जडच लागणार. शिवाय ५०७० ला व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी) १२ जीबी आणि ४०९० ला २४, ते कुठून आणणार? फीचर टाकाऊ आहे असं नाही हां, आधीच ७०-८० मिळत असतील आणि मॉनिटर हाय रिफ्रेशवाला (सेकंदाला जास्त वेळा चित्र बदलणारा) असेल तर मस्त चालतं. फक्त ग्राफखालची बारीक अक्षरं आधी वाचा, तिथं फ्रेम जनरेशन दिसलं की तो आकडा तुलनेतून बाद.

नावावर जाऊन घेऊ नका. ५०६० टीआय ८ जीबीमध्येही येतं आणि १६ मध्येही, नाव तेच. २०२२ मध्ये तर ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली होती ज्यांच्या आत चिपच वेगळी होती, एवढी बोंबाबोंब झाली की १२ जीबीवालं विक्रीला यायच्या आधीच मागे घेतलं आणि नंतर ४०७० टीआय म्हणून आणलं.

रिव्ह्यू बघताना टेस्टचा सीपीयू (मुख्य प्रोसेसर) कुठला तेही बघा. इंटेलचं आर्क बी५८० कार्ड डिसेंबर २०२४ ला आलं तेव्हा तगड्या सीपीयूवर भारी निघालं, मग जुन्या रायझनवर (एएमडीचे सीपीयू) लावल्यावर बऱ्याच गेममध्ये धापा टाकायला लागलं, ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) बोजा सीपीयूवर पडतो ना. आणि रिसायझेबल बार (सीपीयूला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू नसेल तर आर्कच्या वाटेलाच जाऊ नका.

आता घेऊन झालंय आणि स्लो वाटतंय, तर शिव्या घालायच्या आधी मॉनिटरची केबल बघा, ती मदरबोर्डच्या पोर्टला नाही ना, कार्डलाच पाहिजे. मग विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जा, १६५ हर्ट्झचा मॉनिटर बऱ्याचदा ६० वरच पडलेला असतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघा, ६००० ची डीडीआर५ रॅम घेतली आणि तिथं ४८०० दिसतंय म्हणजे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सपो किंवा एक्सएमपी हे रॅम पूर्ण स्पीडला चालवणारं सेटिंग चालूच केलेलं नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटवाल्या मदरबोर्डवर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, मेमरी ट्रेनिंग (रॅमची जुळवणी) चालू असतं, तेव्हा घाबरून पॉवर काढू नका.

बायोस अपडेट टाळणारे वेगळेच. इंटेलच्या १३व्या-१४व्या जनरेशनच्या डेस्कटॉप चिपमध्ये व्होल्टेजचा घोळ होता, त्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) बायोस अपडेटमधून आला, पण तो पुढचं नुकसान थांबवायला, आधीच खराब झालेली चिप त्याने बरी होत नाही. गंमत म्हणजे या चिप बिघडल्या की काही गेम "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" असा एरर द्यायचे, आणि लोक चांगलं ग्राफिक्स कार्ड बदलत बसायचे. असा एरर येत असेल आणि व्हीरॅम भरपूर मोकळी असेल तर आधी सीपीयूवर संशय घ्या, इंटेलने या चिपची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलीय, तिथं क्लेम टाका.