रीट ठेवावा की सोडावा? यील्ड सगळ्यात शेवटी बघा

ऑफिसच्या इमारतींचा एक रीट, म्हणजे अनेकांचा पैसा भाड्याच्या इमारतींत लावून भाडं त्यांच्यात वाटणारा ट्रस्ट, मी सहा वर्षं सांभाळला. दर तिमाहीला पैसे न चुकता खात्यात यायचे, यील्ड (युनिटच्या, म्हणजे रीटमधल्या शेअरसारख्या हिश्श्याच्या, किमतीच्या तुलनेत वर्षाचं वाटप) साडेआठ टक्के दिसायचं, आणि त्यापलीकडे मी काही बघत नव्हते. मग एका तिमाहीत वाटप एकदम निम्म्यावर आलं. जुना वार्षिक अहवाल काढून बसले, तर त्यात सगळं आधीच छापलेलं! एकूण भाड्यातले ३१ टक्के एकाच भाडेकरूकडून येत होते आणि त्याचा करार पुढच्याच वर्षी संपत होता.

म्हणून आता अहवाल हातात आला की मी आधी करार कधी संपतात तो तक्ता उघडते. कोणत्या वर्षी किती टक्के भाड्याचे करार संपणार आणि सगळ्यात मोठा भाडेकरू कोण, हे तिथे एका नजरेत कळतं.

मग वाटपाचा पैसा कुठून येतो ते बघायचं. निव्वळ नफ्यावर जाऊ नका. त्यातून इमारतींचा घसारा, म्हणजे जुन्या होत जाणाऱ्या इमारतीची कागदावर धरलेली घट, वजा झालेला असतो, पण घसाऱ्यापोटी कुणाला रोख द्यावी लागत नाही. त्यासाठी एफएफओ (फंड्स फ्रॉम ऑपरेशन्स, म्हणजे भाड्याच्या धंद्यातून आलेला पैसा) काढतात. समजा नफा ४०, घसारा ५० आणि त्याच वर्षी एक इमारत विकून झालेला फायदा १०. घसारा मिळवायचा, विक्रीचा फायदा वगळायचा: एफएफओ आला ८०. इथेच थांबलात तर फसाल. लिफ्ट बदलाव्या लागतात, गच्ची गळते, नवा भाडेकरू आला की जागा त्याच्या सोयीने करून द्यावी लागते. त्यात १५ गेले की उरले ६५. वाटप ६० असेल तर ते भाड्यातून निघतंय. ७२ असेल तर वरचे ७ कर्जातून, मालमत्ता विकून किंवा जुन्या शिलकीतून येतायत, आणि ते फार काळ चालत नाही.

आता त्याच रीटवर ४०० चं कर्ज आहे, ३ टक्क्यांनी. मुदत संपली आणि नवं कर्ज ६ टक्क्यांनी मिळालं, तर व्याज १२ वरून २४ वर जातं. ६५ चे ५३ होतात, म्हणजे ६० चं वाटपही झेपत नाही. एकही भाडेकरू न जाता! म्हणून कर्जफेडीची वर्षं आणि व्याज स्थिर आहे की बदलतं, हे मी वहीत लिहूनच ठेवते.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. बऱ्याच देशांत रीटला उत्पन्नाचा ९० टक्के किंवा त्याहून मोठा हिस्सा वाटावाच लागतो. मग नवी इमारत घ्यायला पैसा कुठला? कर्ज काढायचं, नाहीतर नवी युनिट्स विकायची. नवी युनिट्स आली की तोच पैसा जास्त जणांत वाटला जातो, त्यामुळे एकूण एफएफओ वाढला म्हणून खूश होऊ नका, पाच वर्षांत युनिटमागे किती वाढला ते काढा.

कराचं थोडक्यात: वाटपात व्याज, लाभांश, भांडवलाची परतफेड असे भाग असू शकतात आणि प्रत्येकाला कर वेगळा लागू शकतो. हातात किती उरतं त्यावरच हिशेब मांडा.

एवढं झाल्यावर यील्ड. सारख्याच इमारतींच्या इतर रीटपेक्षा ते बरंच जास्त दिसलं, तर बाजाराला कपातीची भीती असू शकते. मी पुन्हा करारांच्या तक्त्याकडे जाते. लागोपाठ दोन तिमाही वाटप उरलेल्या पैशापेक्षा जास्त झालं आणि अहवालात त्याचं पटेल असं कारण नसलं, की मी निम्मी युनिट्स विकते. उरलेल्या निम्म्यांचं पुढच्या निकालानंतर ठरवते.