पथदिवे बसवताना या चुका टाळा

पथदिव्यांचा प्रस्ताव आला की त्यात आधी वॅट लिहिलेले दिसतात: इतके खांब, प्रत्येकी इतके वॅट. तपासणीला येणारा अभियंता मात्र लक्समीटर, म्हणजे पडलेला उजेड लक्स या एककात मोजणारं यंत्र, रस्त्यावर ठेवतो. नगरपालिकेच्या नियमांना दिव्याची ताकद नको असते, जमिनीवर पडलेला उजेड हवा असतो, आणि तोही सगळीकडे सारखा. मोठ्या रस्त्यांसाठी बऱ्याच मानकांत सर्वांत अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या निदान ०.४ पट लागतो. सरासरी १५ लक्स असेल, तर दोन खांबांच्या मधोमध ६ लक्सच्या खाली जाऊन चालत नाही.

इथेच बहुतेक कामं अडतात. खर्च वाचवायला खांब लांब लांब रोवायचे आणि जास्त वॅटचे दिवे लावून भरपाई करायची. मग खांबाखाली लख्ख, मधे काळोख तसाच. उलट झगमगाटातून आलेल्या डोळ्यांना तो जास्तच दाट वाटतो. दोन खांबांतलं अंतर साधारणपणे उंचीच्या तीन-चार पट धरतात; ८ मीटरच्या खांबाला २४ ते ३२ मीटर. नेमका आकडा दिव्याचा उजेड कुठे किती पडतो हे सांगणाऱ्या प्रकाशवितरणाच्या फाइलवरून संगणकावर काढावा, शेजारच्या रस्त्याची नक्कल करू नये. उजेड लांब पोचावा म्हणून दिवा वर कलवणं हा दुसरा आवडता उपाय. त्याने चालकाच्या डोळ्यांवर चकाकी येते आणि वरच्या मजल्यावरच्यांची झोप उडते, ती तक्रार वेगळीच.

झेब्रा क्रॉसिंगजवळ खांब कुठे, हे फारसं कुणी विचारत नाही. तो येणाऱ्या वाहनाच्या बाजूने क्रॉसिंगच्या थोडा अलीकडे हवा. पलीकडे असला तर चालकाला माणसाची नुसती काळी आकृती दिसते.

झाडं, वरून जाणाऱ्या वीजतारा, जमिनीतल्या जलवाहिन्या: खड्डा खणण्याआधी सगळ्यांची पाहणी आणि संबंधित खात्यांची परवानगी. फाउंडेशन ओतल्यावर खांब एक मीटर सरकवणं म्हणजे नवा खांबच.

आता बसवल्यानंतरची दुखणी. दिवा रात्रभर चालू-बंद होतोय? फोटोसेलवर, म्हणजे अंधार पडला की दिवा लावणाऱ्या सेन्सरवर, त्याच दिव्याचा उजेड पडत असेल. फोटोसेलचं तोंड फिरवा. दिवसाही जळतोय? फोटोसेल बिघडला असावा. बहुतेक फोटोसेल बिघडले तर दिवा चालूच राहील असे बनवलेले असतात, अंधारापेक्षा ते बरं म्हणून. पावसात एमसीबी (बिघाड झाला की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) पडत असेल तर आधी खांबाच्या बुडातली जोडणी उघडा. तिथे पाणी नसेल तर पुढे शोधा. एकाच ओळीतले एलईडी पटापट जाऊ लागले, तर दिव्यांना दोष देऊन नवे लावू नका. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल (वीज परतीची सामाईक तार) सुटला की काही दिव्यांवर जवळजवळ पावणेदोन पट व्होल्टेज येऊ शकतं, आणि नवेही तसेच जातात. हे काम मात्र पुरवठा बंद करून, परवानाधारक वायरमननेच करायचं.

धातूच्या प्रत्येक खांबाचं अर्थिंग मोजून त्याची नोंद खांबाच्या क्रमांकासह हस्तांतरणाच्या कागदांत लावा. केबल प्रत्यक्षात जिथून गेली तो नकाशाही सोबत द्या, मंजुरीच्या वेळचा नाही. पुढच्या वर्षी तोच रस्ता खणायला येणारा माणूस तो नकाशा मागणार आहे.