गावासाठी एसटीची फेरी मागताना

"गावाला गाडी नाही, फार हाल होतात," एवढ्या अर्जावर गाडी सुरू होत नाही. हाल खरेच आहेत, पण आगार व्यवस्थापकाला वरिष्ठांपुढे आकडे ठेवावे लागतात. ते आकडे गावानेच काढून द्यावेत.

मोजणी तीन दिवस करा: शाळेचा साधा दिवस, आठवडी बाजाराचा आणि सुट्टीचा. फाट्यावर दोघांनी वही घेऊन सकाळी साडेपाच ते दहा आणि दुपारी चार ते रात्री आठ बसायचं. वडापच्या जीपने, दुधाच्या टेम्पोने, कुणाच्या दुचाकीवर मागे बसून किंवा पायी जाणारा प्रत्येक माणूस लिहायचा. कुठून निघाला, कुठे उतरणार, परत कधी? 'कुठे उतरणार' हा रकाना कधीच रिकामा सोडू नका, कारण एसटी नुसती डोकी मोजत नाही, भारमान मोजते, म्हणजे पूर्ण रस्ताभर किती आसनं भरलेली राहिली त्याची टक्केवारी. समजा गाडी 44 आसनांची, रस्ता 16 किलोमीटरचा. 24 जण शेवटपर्यंत जाणारे आणि 16 जण अर्ध्यावर उतरणारे. माणसं चढली 40, पण भारमान भरतं साधारण 73 टक्के.

सवलतीचे प्रवासी वेगळ्या रकान्यात, पण नक्की धरा. महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे. या सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देतं. तेव्हा आजी फुकट जाते म्हणून तिला मोजणीतून वगळणं चूक आहे.

वेळ उलटी मोजा. शाळा अकराला भरते तर मुलं साडेदहाला स्टँडवर उतरली पाहिजेत. घाटातले 16 किलोमीटर आणि मधले थांबे धरून पाऊण तास लागतो, म्हणजे गाडी पावणेदहाला गावातून सुटली पाहिजे. परतीची गाडी शाळा सुटायच्या आधी निघत असेल तर ती मुलींच्या काहीच उपयोगाची नाही, आणि त्यांची शाळा कायमची सुटते ती बहुधा इथेच. पहाटेची गाडी हवी असेल तर मुक्कामी गाडी मागा. रात्री आलेलीच सकाळी निघते, रिकामी धाव वाचते. पण चालक-वाहकांसाठी दार लागणारी खोली, दिवा, पाणी आणि संडास गावाने द्यायला हवा. हे नसल्यामुळे बंद पडलेल्या मुक्कामी गाड्या पुष्कळ आहेत.

रस्ताही आधीच पाहून ठेवा. गाडी दहा-अकरा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद असते. अडचण बहुधा खचलेल्या मोरीची, खाली आलेल्या फांद्यांची, लोंबत्या तारांची किंवा गाडी वळवायच्या जागेची असते. वळणाची जागा ट्रॅक्टर आणि कडब्याच्या गंजीपासून कायम मोकळी राहील, हे ग्रामसभेच्या ठरावातच लिहा.

मग ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा तक्ता, मुख्याध्यापकांचं विद्यार्थिसंख्येचं पत्र आणि रस्त्याबद्दल जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचं पत्र जोडून अर्ज जवळच्या आगारात द्या. उदाहरणार्थ पुणे जिल्ह्यात, भाटघर धरणाच्या काठच्या गावांनी भोरला, जुन्नरच्या पश्चिमेकडच्यांनी नारायणगावला. प्रत पुण्याच्या विभाग नियंत्रकांना. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आलं नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा. मुदत 30 दिवसांची असते.

खरी कसोटी फेरी सुरू झाल्यावर लागते. पहिले महिने प्रत्येकाने तिकीट घ्यायचंच. मोफत प्रवासाचं शून्य रकमेचं तिकीटही मागून घ्यायचं, नाहीतर तो प्रवासी कागदावर येत नाही. वडाप गाडीच्या दहा मिनिटं आधी माणसं उचलत असेल तर जीपवाल्याशी भांडू नका, तोही गावचाच आहे. आगाराकडे वेळ बदलून मागा. आणि रद्द झालेल्या फेऱ्या तारखेनिशी शाळेतल्या वहीत टिपून दर महिन्याला त्याची प्रत आगारात द्या.